चार मिलिमीटर

पाकिटातून शंभरची, दोनशेची आणि पाचशेची अशा तीन नोटा काढा आणि डावी कड जुळवून एकीवर एक ठेवा. शंभरची १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. रुंदी तिघींची ६६. जांभळा, पिवळा, करडा हे रंग दिसत असतील, तर ही मापं आयुष्यात कधी लागत नाहीत. रंग दिसत नसतील, तर शंभर आणि दोनशेमध्ये चार मिलिमीटर उरतात. दोनशे आणि पाचशेमध्येही चारच.

पूर्वी असं नव्हतं. १९९६ पासून चालत आलेल्या मालिकेत शंभरची नोट १५७ मिलिमीटर होती, पाचशेची १६७, हजाराची १७७. पायरी सरळ दहाची. नोट बोटांवर आडवी धरली की ती कुठवर पोचते, यावरून अंध माणूस तिची किंमत सांगायचा. वर्षानुवर्षांच्या सवयीनं बोटांत मुरलेली ही विद्या होती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीच्या रात्रीनंतर ती निकामी होत गेली. नवी पाचशे आली, मग दोनशे, मग शंभर. जुनी आणि नवी ताडून बघितली तर प्रत्येक नोट आखूड झाली आणि नोटानोटांमधलं अंतरही आखडलं.

मुंबईच्या लोकलमध्ये डब्याडब्यांतून किचेन, कंगवे, मोबाइलची कव्हरं विकणारे अंध विक्रेते रोज दिसतात. धावती गाडी, गर्दी, एका हातात माल, दुसऱ्या हातात दांडा. समोरून नोट येते. पुढचं स्टेशन येण्याआधी ती ओळखायची, हिशेब करायचा, सुटे परत द्यायचे. दोनशे समजून शंभर घेतली की दिवसाची कमाई गेली. नोटेचं माप ठरवणाऱ्या टेबलावर यांच्यातला एक जण बसला असता, तर पहिल्या दहा मिनिटांत त्यानं सांगितलं असतं की हे हाताला कळत नाही.

नोटांवर उठावाच्या खुणा आहेत, हे खरं. शंभरच्या कडांना चार तिरप्या रेषा आहेत, पाचशेच्या कडांना पाच. कोऱ्या नोटेवर त्या बोटाला लागतात. पण नोट कोरी किती दिवस राहते? घामट खिशात, मुठीत, भाजीवाल्याच्या गोणपाटाखाली, चारदा घडी होऊन ती फिरते. उठाव झिजतो. लांबी झिजत नाही. हे समजायला संशोधन लागत नाही; आठवडी बाजारात एक सकाळ पुरते.

त्याच वर्षी, १ सप्टेंबर २०१६ ला, ऑस्ट्रेलियानं पाच डॉलरची नवी नोट काढली. तिच्या दोन्ही लांब कडांवर बोटाला लागेल असा एकेक उंचवटा आहे. पुढे दहाच्या नोटेवर दोन आले, विसाच्या नोटेवर तीन, पन्नासवर चार, शंभरवर पाच. याची सुरुवात एका अंध शाळकरी मुलापासून झाली. नाताळात भेट मिळालेल्या नोटा किती किमतीच्या, हे त्याला कळेना. त्यानं तक्रार केली, लोकांच्या सह्या गोळा केल्या, आणि त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेनं ऐकलं. युरोच्या नोटा आखतानाही युरोपातल्या अंधांच्या संघटनेला सोबत घेतलं होतं. तिथं प्रत्येक किमतीच्या नोटेचं माप वेगळं आहे.

आपल्याकडे २०१६ च्या नोव्हेंबरात नव्या नोटा आल्या आणि डिसेंबरात संसदेनं दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा मंजूर केला. मध्ये जेमतेम महिना. एका हातानं हक्क दिला आणि दुसऱ्या हातानं बोटांतलं माप काढून घेतलं. २०११ च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेले पन्नास लाख नागरिक नोंदले गेले होते. सरकारच्याच कागदावर ते होते. बैठकीला मात्र त्यांना बोलावणं गेलं नसावं.

मग ‘नॅब’ला, म्हणजे राष्ट्रीय अंधजन संघटनेला, मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ नावाचं अ‍ॅप आलं. मोबाइलचा कॅमेरा नोटेवर धरला की ते किंमत बोलून दाखवतं. त्याला इंटरनेट लागत नाही, घरी बसून पैसे लावताना त्याचा उपयोग होतो, आणि ज्यांनी ते बनवलं त्यांनी मेहनत घेतली आहे. तरीही जे बोटांना फुकट कळत होतं, त्यासाठी आता स्मार्टफोन हवा, बॅटरी हवी, एक हात मोकळा हवा, आणि भर बाजारात आपले पैसे कॅमेऱ्यापुढे धरायची तयारी हवी. नोटेनं उचलायचं ओझं माणसाच्या डोक्यावर गेलं. आधी विचारायचं नाही आणि नंतर अ‍ॅप द्यायचं, ही आपल्याकडची पद्धतच होऊन बसली आहे.

आपल्याला हे जमतच नाही, असं कोणी म्हणू नये. ७ मार्च २०१९ ला एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांच्या नव्या नाण्यांची मालिका आली, ती अंधांना ओळखता यावी म्हणूनच. किंमत वाढेल तसा आकार बदलतो आणि वजन वाढतं. विसाचं नाणं बारा कोनांचं आहे. ते कोणाच्याही हाताला फसवत नाही. म्हणजे कौशल्य आहे, टांकसाळ आहे, इच्छाही आहे. मग वीस रुपयांपर्यंत आलेला विचार पाचशेपर्यंत का पोचला नाही? वीस रुपयांना फसलेला माणूस चहा सोडतो. पाचशेला फसलेल्याचं घरभाडं चुकतं.

हे कोणी मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, आणि म्हणूनच जास्त काळजी वाटते. दुष्टपणा पकडता येतो, त्याच्यावर खटला भरता येतो. बैठकीतली रिकामी खुर्ची मात्र कोणाच्या नजरेला येत नाही. तिथं जे बसलेले असतात ते सज्जन असतात, हुशार असतात, आणि सगळे एकाच तऱ्हेच्या शरीरात राहतात. त्यांना दिसतं, ऐकू येतं, जिना चढता येतो, दोन्ही हात चालतात. जे त्यांना सोपं, ते सगळ्यांना सोपं, असं ते धरून चालतात. सवयीनं.

ही सवय कुठवर जाते ते बघा. बँकेत खातं उघडायला केवायसी लागतं. कॅमेऱ्यापुढे बसायचं आणि सांगितलं की डोळ्यांची उघडझाप करायची. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे, याची ती खात्री. प्रज्ञा प्रसून यांच्यावर २००६ साली अ‍ॅसिड हल्ला झाला होता. २०२३ साली त्या बँकेत खातं उघडायला गेल्या, तेव्हा त्यांना पापण्या मिटायला सांगण्यात आलं. हल्ल्यानं डोळ्यांची अशी अवस्था केली होती की ते त्यांना शक्यच नव्हतं. बाई समोर उभी आहे, बोलते आहे, तिच्याकडे ओळखीचे कागद आहेत, आणि पापणी हलत नाही म्हणून प्रक्रिया पुढे सरकत नाही. एवढ्या मोठ्या आघातातून जिवंत राहिलेल्या बाईकडे आपण जिवंतपणाचा पुरावा मागितला.

त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एका अंध वकिलाची याचिकाही सोबत होती. ३० एप्रिल २०२५ ला न्यायालयानं निकाल दिला: डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सोबत वीस निर्देश दिले. त्यातला एक प्रत्येक डिझाइन कॉलेजच्या फळ्यावर लिहून ठेवावा असा आहे. बँका आणि अशा संस्थांनी अ‍ॅप, संकेतस्थळ किंवा त्यातली नवी सोय तयार करताना आणि लोकांपुढे आणताना तिची चाचणी अंध व्यक्तींना सोबत घेऊन करायची. वापरणाऱ्याला आधी विचारा, एवढी साधी गोष्ट सांगायला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला कागद खर्च करावा लागला.

यावर एक उपाय हमखास सुचवला जातो: डिझाइन करणाऱ्यांना अंधत्वाचा अनुभव द्या. तो दिलाही जातो. कंपन्यांत, कॉलेजांत डोळ्यांवर पट्टी बांधून पंधरा मिनिटं चालायचं, खुर्च्यांना धडकायचं, पट्टी सुटली की हेलावून जायचं. हेतू चांगला असतो. परिणाम उलटा होऊ शकतो. एरिएल सिल्व्हरमन या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ स्वतः अंध आहेत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. पट्टी बांधून आलेल्या लोकांना अंध माणसं नोकरी करायला, स्वतंत्र राहायला पूर्वीपेक्षा कमी समर्थ वाटू लागली.

कारण उघड आहे. पट्टी बांधलेला माणूस अंधत्वाचा पहिला पाव तास जगतो. ज्यानं त्यात चाळीस वर्षं काढली आहेत, त्याच्याजवळ काठीची, कानाची, पायाखालच्या उताराची विद्या असते. पट्टीवाल्याला त्यातलं फक्त धडपडणं कळतं, आणि मग तो धडपडणाऱ्यासाठी वस्तू बनवतो. नोटेची लांबी बोटांवर मोजणारा माणूस त्याच्या कल्पनेत येतच नाही. पंधरा मिनिटांत कीव शिकता येते, कसब शिकता येत नाही, आणि चांगली वस्तू कसबावर उभी राहते.

पॅट्रिशिया मूर यांची गोष्ट या क्षेत्रात मोठ्या आदरानं सांगितली जाते. आदर योग्यच आहे. न्यूयॉर्कमध्ये रेमंड लोवी यांच्या प्रसिद्ध कार्यालयात त्या तरुण डिझायनर होत्या. फ्रिजच्या बैठकीत त्यांनी विचारलं, सांधे धरलेल्या माणसाला सहज उघडता येईल असा दरवाजा करता येईल का? त्यांना सांगण्यात आलं, तसल्या लोकांसाठी आपण काम करत नाही. मग १९७९ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी ऐंशी पार केलेल्या बाईचं रूप घेतलं. नजर धूसर करणारा चष्मा, कानात बोळे, बोटं आणि पाय बांधून आखडलेले. अधूनमधून असं करत तीन वर्षांत त्या अमेरिका आणि कॅनडातल्या शंभरावर शहरांतून फिरल्या. लोकांनी ढकललं, दुर्लक्ष केलं. एका टोळीनं मारहाणही केली. त्यातून जे समोर आलं त्यानं पुढच्या पिढीचं डिझाइन बदललं.

पण या गोष्टीत टोचणारा भाग दुसराच आहे. त्या शंभर शहरांत खऱ्या म्हाताऱ्या बायका होत्याच. दार जड आहे, बस थांबत नाही, दुकानदार बघत नाही, हे त्या रोज सांगत होत्या. जगानं ते ऐकलं, तेव्हा सांगणारी सव्वीस वर्षांची होती. मूर यांनी जे केलं ते धाडसाचं होतं. त्यांना ते करावं लागलं, हा दोष ऐकणाऱ्यांचा.

स्वयंपाकघरातल्या सोलाण्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जाड, मऊ, काळ्या रबरी मुठीची ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ अवजारं १९९० मध्ये बाजारात आली आणि जगभर खपली. गोष्ट अशी सांगितली जाते: सॅम फार्बर यांच्या पत्नीला, बेट्सी यांना, संधिवात होता, साल काढताना त्यांचे होणारे हाल बघून नवऱ्याच्या मनाला पाझर फुटला आणि त्यानं नवं सोलाणं काढलं. गोड गोष्ट. बेट्सी फार्बर यांनी स्वतः मात्र वेगळं सांगितलं आहे. त्या वास्तुरचना शिकलेल्या होत्या आणि हाताला सुखावणाऱ्या मुठीची कल्पना त्यांची होती. इतिहास आपल्याला कल्पनेसाठी न ओळखता संधिवातासाठी ओळखेल, ही खंत त्यांनी बोलून दाखवली होती. ज्या बाईच्या हातांनी आणि डोक्यानं वस्तू घडवली, तिला आपण दुखणाईत बायको करून टाकलं. समजून घेण्याच्या नावाखाली समोरच्याची अक्कलच खोडून टाकायची, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

आता आपल्या देशातलं, मान ताठ व्हावी असं उदाहरण घ्या. जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिव्यंगतज्ज्ञ होते. पाय गमावलेल्या रुग्णांना परदेशी धर्तीचा कृत्रिम पाय मिळायचा. घरी गेल्यावर तो कोपऱ्यात पडायचा आणि माणूस पुन्हा कुबड्यांवर यायचा. रुग्ण अडाणी आहेत, त्यांना कदर नाही, असं म्हणून विषय संपवता आला असता. सेठींनी तो संपवला नाही. त्या पायाला बूट लागत होता. बूट घालून चिखलाच्या शेतात कसं उतरायचं? देवळात, चुलीपाशी कसं जायचं? घोटा वळत नव्हता, म्हणून उकिडवं बसता येत नव्हतं, मांडी घालता येत नव्हती. तो पाय खुर्चीवर बसणाऱ्या आणि बूट घालणाऱ्या माणसासाठी घडवला होता.

उत्तर शोधायला डॉक्टरांसोबत कोण होतं, हे महत्त्वाचं आहे. रामचंद्र शर्मा, सगळ्यांचे मास्टरजी. रुग्णालयात हस्तकला शिकवणारे, शाळा फारशी न शिकलेले, पण हातात कला असलेले कारागीर. टायरच्या दुकानात रबर कसं भाजून पक्कं करतात हे बघून, १९६८ च्या सुमारास, सेठींच्या चमूनं रबराचा पाय घडवला. बाहेरून पायासारखा दिसणारा, बोटं असलेला, कातडीच्या रंगाचा. अनवाणी चालता येणारा, पाण्यात भिजणारा, उकिडवं बसू देणारा. १९७५ मध्ये देवेंद्र राज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती उभी केली आणि हा पाय गरिबांना मोफत मिळू लागला. अपघातात पाय गमावलेल्या सुधा चंद्रन यांनी १९८४ मध्ये मुंबईत पुन्हा भरतनाट्यम केलं, ते याच पायावर.

जयपूरमध्ये काय वेगळं झालं? रुग्णानं पाय टाकून दिला, तेव्हा कोणीतरी त्या टाकून देण्याला मत मानलं. तक्रार अर्जावर नव्हती, प्रश्नावलीत नव्हती. ती कोपऱ्यात पडलेल्या पायात होती. लोक तोंडानं ‘चांगलं आहे साहेब’ म्हणतात, कारण फुकट मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवायची आपल्याकडे लाज वाटते. खरं उत्तर वापरात असतं. सरकारी योजनेतली वस्तू घरात कुठं पडली आहे, तिच्यावर धूळ किती बसली आहे, हे एकदा जाऊन बघितलं तर पन्नास पानी अहवाल वाचायची गरज उरत नाही.

आणि तसं न बघितल्याचा पुरावा आपल्या पायाखाली आहे. पदपथांवर पिवळ्या, उठावाच्या फरशा असतात. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या १९६५ मध्ये शोधल्या, नजर जात चाललेल्या एका मित्रासाठी. १९६७ मध्ये ओकायामा शहरात, अंधांच्या शाळेजवळ, त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. लांबट रेषा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांब, पुढे धोका आहे. आपल्या शहरांत हा पिवळा पट्टा कुठं विजेच्या डीपीवर जाऊन थडकतो, कुठं झाडाच्या आळ्यात संपतो, कुठं त्याच्यावर दुचाकी लावलेल्या असतात. फरशी निविदेत होती म्हणून ती बसली. कोणाच्या पायाखाली यायची आहे, हे निविदेत नव्हतं. मियाकेंनी एका मित्राला डोळ्यांपुढे ठेवून जे केलं, ते आपण कोणालाच डोळ्यांपुढे न ठेवता नुसतं उचललं.

म्हणून माझं मागणं भावनेचं नाही, कामाचं आहे. पदपथाचं बिल मंजूर होण्याआधी पांढरी काठी घेतलेली व्यक्ती त्या पट्ट्यावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली पाहिजे, आणि तिनं ‘चालता येतं’ असं लिहून दिलं तरच ठेकेदाराला पैसे मिळाले पाहिजेत. अ‍ॅप बाजारात जाण्याआधी ज्याला दिसत नाही, ज्याचे हात थरथरतात, ज्याला इंग्रजी येत नाही, त्याच्या हातात ते दिलं पाहिजे. आराखडा पक्का झाल्यावर दाखवायला नको, कागद कोरा असताना. या लोकांना त्या दिवसाचं मानधन द्या, कारण ते उपकार घ्यायला आलेले नसतात, ज्ञान द्यायला आलेले असतात. त्यांनी घेतलेल्या हरकती फाइलमध्ये नोंदवा, आणि हरकत असूनही पुढे जायचं ठरवलं, तर तसं ठरवणाऱ्याचं नाव खाली लिहा. नाव लिहावं लागलं की माणूस दोनदा विचार करतो.

जगभरच्या दिव्यांगांच्या चळवळीची एक घोषणा आहे: आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही नको. तिच्यात दयेची याचना कुठंही नाही. निर्णयात वाटा मागितलेला आहे. डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींनो, आणि त्याहून जास्त, नकाशांवर नि फायलींवर सह्या करणाऱ्या साहेबांनो, त्यांचं दुःख कल्पनेनं अनुभवायच्या भानगडीत पडू नका. त्यांना बोलवा. आणि ते ‘नाही’ म्हणाले की काम थांबवा.